एक्सेलमध्ये वर्ग, घन आणि घातांक: दिसायचा वेगळा, मोजायचा वेगळा

नागपुरात बांधकामाचं अंदाजपत्रक करणाऱ्याला दिवसभर चौरस मीटर आणि घनमीटर लिहावे लागतात. हवेच्या नमुन्यांची नोंद ठेवणाऱ्याला मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर लागतं, माती तपासणाऱ्याला किलोग्रॅमच्या डोक्यावर उणे एक, आणि सोसायटीच्या ठेवींचं चक्रवाढ व्याज मांडणाऱ्याला कंसाबाहेर वर्षांचा घात. हे सगळे लोक एक्सेल वापरतात आणि जवळजवळ सगळे एकाच जागी अडकतात: तो छोटा दोन वर कसा न्यायचा?

वर्डची सवय असलेला माणूस कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकची कळ दाबतो. एक्सेलमध्ये त्याच कळांनी नवीन सेल किंवा रांग घालायची खिडकी उघडते. मग माणूस ‘मी2’ असं साधंच लिहून पुढे जातो. अहवाल छापून समोर आला की तो दोन डोळ्यांत खुपतो, आणि वरिष्ठ पेनाने गोल करून परत पाठवतात.

सुरुवातीलाच एक सूचना. या लेखात कळा, फॉर्म्युले, सेलची नावं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये मात्र फॉर्म्युल्यांची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. ‘ए२’ म्हणजे पहिल्या स्तंभातला दुसऱ्या रांगेचा सेल.

आधी एक प्रश्न: हा घात दिसायला हवा की मोजायला हवा?

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी कळा सांगण्याआधी हा प्रश्न विचारतो, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. डोक्यावर बसलेला दोन ही एक्सेलच्या लेखी फक्त सजावट असते. त्याला पाहून एक्सेल वर्ग करत नाही. उलट, हिशोबाच्या सेलमध्ये तो घुसवला तर एकतर चूक दाखवली जाते किंवा चुकीचं उत्तर निमूटपणे पुढे जातं. यातला दुसरा प्रकार जास्त घातक.

तो प्रत्यक्ष पाहा. एका सेलमध्ये आधी ॲपॉस्ट्रॉफी देऊन १०५ लिहा, त्यातला शेवटचा पाच निवडा आणि सुपरस्क्रिप्ट करा. डोळ्यांना तो दहाचा पाचवा घात दिसतो, म्हणजे एक लाख. आता शेजारच्या सेलमध्ये त्या सेलला दोनने गुणा. उत्तर येईल २१०. एक्सेलने सजावट बाजूला ठेवली, आतला मजकूर ‘१०५’ असा वाचला आणि गुणाकार केला. उत्तराच्या सेलवर काही इशारा नाही. फार तर मूळ सेलच्या कोपऱ्यात, आकडा मजकूर म्हणून साठवल्याचा छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. तोच सेल बेरजेच्या फॉर्म्युल्यात घेतला तर तो मजकूर असल्यामुळे बेरीज त्याला सरळ वगळते. म्हणून मोजायचा घात फॉर्म्युल्यात ठेवा, दिसायचा घात एककात ठेवा आणि एकाच सेलमध्ये दोन्ही कामं करू नका.

मोजायचा घात

यासाठी टोपीसारखं चिन्ह वापरतात: ^. इंग्रजी कळफलकावर ते शिफ्ट धरून सहाच्या कळेवर मिळतं. मराठी इन्स्क्रिप्ट चालू असेल तर त्याच जागी ‘त्र’ उमटतो, म्हणून फॉर्म्युला लिहिण्याआधी कळफलक इंग्रजीवर आणा. मराठी शीटवर काम करताना ही अडचण रोजचीच आहे.

ए२ मधल्या आकड्याचा वर्ग हवा तर =ए२^२, घन हवा तर =ए२^३. हेच काम पॉवर नावाचं फंक्शन करतं: =पॉवर(ए२,२). दोन्हींचं उत्तर एकच. मी टोपीचं चिन्ह पसंत करतो, कारण फॉर्म्युला वाचायला आखूड राहतो. घात स्वतःच एखाद्या लांब हिशोबातून येत असेल तेव्हा पॉवर जास्त स्वच्छ दिसतं.

काँक्रीटच्या ठोकळ्याची चाचणी घ्या. ठोकळा १५० मिलिमीटर बाजूचा, यंत्रावर तो ५२० किलोन्यूटनला फुटला. दाबक्षमता काढायला भार न्यूटनमध्ये करून पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागायचं. भार बी२ मध्ये आणि बाजू सी२ मध्ये असेल तर =बी२*१०००/सी२^२. क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, उत्तर २३.११ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. इथे कंस लागला नाही, कारण एक्सेल गुणाकार-भागाकाराआधी घात सोडवतं.

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेचाही हिशोब असाच. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी झाडं =१००००/६^२, म्हणजे २७७.७८. म्हणूनच २७७ झाडं हा आकडा बागायतदारांच्या तोंडी ऐकू येतो. इथे सहाच्या डोक्यावर छोटा दोन चिकटवून फॉर्म्युला लिहिला तर एक्सेल तो मानत नाही.

चक्रवाढ व्याजाचं सूत्र =ए२*(१+बी२)^सी२. ए२ मध्ये एक लाख, बी२ मध्ये ८ टक्के आणि सी२ मध्ये ५ वर्षं टाकली की १,४६,९३२.८१ मिळतात. व्याज तिमाही असेल तर दर चारने भागा आणि वर्षं चारने गुणा: =ए२*(१+बी२/४)^(सी२*४). घातातला कंस विसरलात तर आधी फक्त सी२ चा घात होईल, मग उत्तर चारपट होईल आणि आकडा भलताच फुगेल.

कंसाबद्दल तीन ठिकाणी सावध राहा.

पहिलं ठिकाण वर्गमूळ-घनमूळाचं. घनमूळ म्हणजे एक-तृतीयांश घात, पण =२७^१/३ लिहिलं तर उत्तर ३ न येता ९ येतं, कारण २७ चा पहिला घात झाला आणि मग तीनने भागलं. बरोबर रूप =२७^(१/३). वर्गमूळासाठी एसक्यूआरटी हे फंक्शन तयारच आहे.

दुसरं ठिकाण उणे चिन्हाचं, आणि इथे गणिताचे शिक्षकही चकतात. शाळेच्या गणितात −३² म्हणजे उणे नऊ. एक्सेलमध्ये =-३^२ लिहिलं तर उत्तर अधिक नऊ येतं, कारण आकड्याला चिकटलेलं उणे एक्सेल घाताच्या आधी लावतं. मात्र =५-३^२ चं उत्तर बरोबर उणे चार येतं, कारण तिथलं उणे वजाबाकीचं आहे. उणे नऊच हवे असतील तर =-(३^२) असं स्पष्ट लिहा.

तिसरं, घातावर घात. =२^३^२ एक्सेल डावीकडून सोडवतं: आठ, मग आठाचा वर्ग, म्हणजे ६४. वहीतल्या गणितात वरून खाली येत ५१२ होतं. कंस घातला की प्रश्नच उरत नाही.

एका ओळीतल्या खूप आकड्यांच्या वर्गांची बेरीज हवी असेल तर प्रत्येकाचा वर्ग वेगळ्या स्तंभात काढू नका. सम आणि एसक्यू जोडून लिहिलेलं फंक्शन तेच काम एका सेलमध्ये करतं.

दिसायचा घात, पहिला मार्ग: सुपरस्क्रिप्ट

हा मार्ग फक्त हाताने टाइप केलेल्या मजकुरासाठी आहे. शीर्षकं, टिपा, तक्त्याचं डोकं यांना चालतो.

१. सेलवर जाऊन एफ२ दाबा किंवा डबल क्लिक करा. कर्सर सेलच्या आत गेला पाहिजे.
२. शिफ्ट धरून बाणाच्या कळेने फक्त वर न्यायचं अक्षर निवडा. ‘मी2’ मधला दोन, बाकी काही नाही.
३. कंट्रोल आणि १ दाबा. फॉरमॅट सेल्सची खिडकी उघडेल. तुम्ही सेलच्या आत असल्यामुळे तिच्यात फक्त फॉन्टचं पान असेल.
४. इफेक्ट्सखाली सुपरस्क्रिप्टच्या चौकटीत खूण करा. माऊस नको असेल तर ऑल्ट आणि ई.
५. एंटर दाबून खिडकी बंद करा, पुन्हा एंटर दाबून सेलमधून बाहेर या.

हात बसला की कंट्रोल-१, ऑल्ट-ई, एंटर, एंटर हे एका दमात होतं. खाली बसणाऱ्या आकड्यासाठी, उदाहरणार्थ कार्बन डायऑक्साइडचा दोन, ऑल्ट-ई ऐवजी ऑल्ट-बी.

नव्या आवृत्त्यांत सुपरस्क्रिप्टचं बटण वरच्या क्विक ॲक्सेस पट्टीवर आणून ठेवता येतं. पट्टीवर उजवं क्लिक करून कस्टमाइझ उघडा, यादीत ‘रिबनवर नसलेले कमांड’ निवडा, सुपरस्क्रिप्ट शोधा आणि ॲड करा. पट्टीवर ते तिसऱ्या जागी असेल तर ऑल्ट आणि ३ दाबून चालतं. जुन्या आवृत्तीत ते बटण यादीत सापडत नाही, मग वरची पद्धत वापरा.

या मार्गाला तीन मर्यादा आहेत. सेलमध्ये शुद्ध आकडा असेल तर त्यातला एकच अंक वर नेता येत नाही, आधी ॲपॉस्ट्रॉफी देऊन तो मजकूर करावा लागतो. फॉर्म्युल्याचं उत्तर असेल तर त्याच्या एका तुकड्याला सजावट लागत नाही. आणि दोन सेल जोडणाऱ्या फॉर्म्युल्यातून, किंवा व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून चिकटवताना, ती सजावट गळून पडते आणि ‘मी²’ चा पुन्हा ‘मी2’ होतो. अंदाजपत्रक एका हातून दुसऱ्या हातात फिरणार असेल तर मी हा मार्ग टाळतो.

दुसरा मार्ग: मुळातच छोटं असलेलं अक्षर

युनिकोडमध्ये ² हे ‘क’ किंवा ‘ज’सारखं स्वतंत्र अक्षर आहे. ते सजावटीवर अवलंबून नाही, म्हणून कुठेही चिकटवलं तरी टिकतं. फॉर्म्युल्यात चालतं, फॉर्म्युला बारमध्ये तसंच दिसतं, आलेखाच्या शीर्षकातही जातं.

ज्या कळफलकाला उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा आहे, त्यावर नम लॉक चालू ठेवून ऑल्ट धरा आणि त्या गठ्ठ्यावरूनच हे आकडे दाबा. ऑल्ट सोडला की अक्षर उमटतं:

² साठी ०१७८
³ साठी ०१७९
¹ साठी ०१८५
अंशाच्या ° साठी ०१७६

सुरुवातीचं शून्य सोडू नका. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी हे होत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५° च्या पुढे जातो तेव्हा तापमानाच्या तक्त्यासाठी ०१७६ पाठच असलेला बरा. अंशासाठी छोटं शून्य किंवा इंग्रजी ओ वर नेऊन बसवलेला मी पाहतो, तसं करू नका. त्यासाठी वेगळं चिन्ह आहे.

चारपासून पुढचे घात, शून्य, अधिक आणि उणे या पद्धतीने एक्सेलमध्ये भरवशाने येत नाहीत. १, २, ३ हे संगणकाच्या जुन्या लॅटिन अक्षरसंचातच होते. बाकीचे नंतर वेगळ्या गटात आले. म्हणूनच काही फॉन्टांत ² आणि ⁴ शेजारी ठेवले तर त्यांचा आकार आणि उंची जुळत नाही. तसं दिसलं तर त्या सेलचा फॉन्ट बदलून पाहा.

बाकीच्या चिन्हांसाठी इन्सर्ट टॅबवर सिम्बॉल उघडा. उजवीकडच्या सबसेटच्या यादीत सुपरस्क्रिप्ट्स अँड सबस्क्रिप्ट्स हा गट निवडा. तिथे ⁰ ⁴ ⁵ ⁶ ⁷ ⁸ ⁹ ⁺ ⁻ ⁿ मिळतात. माती तपासणीच्या तक्त्यातलं ‘किग्रॅ⁻¹’ इथूनच बनतं: आधी इथला ⁻, मग ऑल्ट ०१८५ चा ¹. साधा हायफन सुपरस्क्रिप्ट करून लावला तर तो आखूड दिसतो.

लॅपटॉपवर आकड्यांचा गठ्ठा नसेल, आणि बऱ्याच जणांकडे नसतोच, तर मी एकच उपाय सुचवतो. फाइलमध्ये ‘चिन्हं’ नावाची एक शीट ठेवा. एकेका सेलमध्ये एकेक चिन्ह आणि तयार एककं लिहून ठेवा: मी², मी³, मिमी², सेमी³, °से, µग्रॅ/मी³. लागलं की तिथून उचला. कार्यालयातल्या प्रत्येकाने तीच शीट वापरली तर एकाचा ‘चौ.मी.’, दुसऱ्याचा ‘मी2’ आणि तिसऱ्याचा ‘मी²’ अशी सरमिसळ होत नाही.

ऑटोकरेक्टही कामाचं आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जा. डावीकडे इंग्रजीत एस-क्यू-एम टाका, उजवीकडे मी². यापुढे एस-क्यू-एम लिहून स्पेस दिली की मी² होईल. डावीकडे रोजच्या वापरातला शब्द देऊ नका, कारण हीच यादी वर्डमध्येही लागू होते.

देवनागरी अंकांचा प्रश्न बरेच जण विचारतात: ‘मी’च्या डोक्यावर मराठी २ बसवायचा असेल तर? घातांकासाठी देवनागरी छोटे अंक युनिकोडमध्ये नाहीत. सामवेदाच्या स्वरांसाठी अक्षराच्या माथ्यावर बसणारे देवनागरी अंक आहेत, पण ते मागच्या अक्षरावर चढतात, त्याच्या उजवीकडे बसत नाहीत. मराठी दोनच हवा असेल तर सुपरस्क्रिप्टची सजावट हाच मार्ग. माझं मत विचाराल तर एककात आंतरराष्ट्रीय ² ठेवावा, आणि सरकारी मराठी पत्रात ‘चौ.मी.’ हे रूप सर्वांत स्वच्छ.

तिसरा मार्ग, आणि माझ्या मते सर्वांत चांगला: नंबर फॉरमॅट

खोल्यांच्या मापाचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. हॉल १८.६०, स्वयंपाकघर ९.२५, दोन बेडरूम. प्रत्येक आकड्यापुढे मी² दिसायला हवा आणि खाली बेरीजही व्हायला हवी. सेलमध्ये ‘18.60 मी²’ असं टाइप केलं की तो मजकूर होतो आणि बेरीज शून्य येते. इथे एक्सेलला सांगायचं की आकडा आकडाच ठेव, फक्त दाखवताना शेपटीला एकक लाव.

१. सगळे आकडे साधे टाइप करा, एककाविना.
२. तो भाग निवडून कंट्रोल-१ दाबा. या वेळी सेलच्या आत जायचं नाही.
३. नंबरच्या पानावर सर्वांत खालचा कस्टम हा पर्याय निवडा.
४. टाइपच्या चौकटीत लिहा: 0.00" मी²". अवतरण चिन्हं साधी सरळ हवीत. मी च्या आधी एक जागा सोडा, नाहीतर आकडा आणि एकक चिकटतात. ² इथेही ऑल्ट ०१७८ ने येतो किंवा चिन्हांच्या शीटवरून चिकटवता येतो.
५. ओके.

आता सेलमध्ये ‘18.60 मी²’ दिसतं, वर फॉर्म्युला बारमध्ये मात्र फक्त 18.6 असतं. बेरीज होते, सरासरी होते. बेरजेच्या सेललाही हाच फॉरमॅट द्या. चौरस फूट हवे असतील तर शेजारच्या स्तंभात १०.७६३९ ने गुणा आणि तिथे 0.00" चौ.फूट" असा फॉरमॅट ठेवा. नागपुरात ले-आउटचे भूखंड चौरस फुटांत विकले जातात, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि नकाशा मीटरमध्ये. तिन्ही एका शीटवर आणायचे तर हे सूत्र पाठ करा: १ आर म्हणजे १०० मी², १ हेक्टर म्हणजे १०,००० मी², १ एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तिन्ही स्तंभांचे फॉरमॅट वेगळे ठेवले की कोणता आकडा कुठल्या मापाचा, हा गोंधळ होत नाही.

हवेच्या गुणवत्तेचा तक्ता याच पद्धतीने बनवा. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात असल्यामुळे पर्यावरणाचे विद्यार्थी हे आकडे सतत हाताळतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम २.५ या हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आणि पीएम १० ची १००. स्तंभाला 0" µग्रॅ/मी³" हा फॉरमॅट दिला की आकडा संख्याच राहतो, त्यामुळे मर्यादेवर गेलेले सेल लाल करण्याचा नियम बिनचूक चालतो. एकक सेलमध्ये टाइप केलं असतं तर तो नियम कोलमडला असता.

हा फॉरमॅट फक्त त्या फाइलमध्ये साठतो. नव्या फाइलमध्ये तो पुन्हा लिहायचा नसेल तर असे फॉरमॅट असलेली एक कोरी फाइल नमुना म्हणून जपून ठेवा.

तक्ता शंभर रांगांचा असेल तर मात्र प्रत्येक आकड्याला शेपूट लावू नका. स्तंभाच्या डोक्यावर एकदाच ‘क्षेत्रफळ, मी²’ लिहा. कागद मोकळा दिसतो आणि आकडे एका रेषेत वाचता येतात.

वाक्यात आकडा गुंफायचा असेल तर टेक्स्ट फंक्शन घ्या: ="एकूण क्षेत्र "&टेक्स्ट(बी१०,"0.00")&" मी²". बी१० मध्ये मूळ आकडा तसाच राहतो.

फॉर्म्युल्यातून छोटा अंक काढणं

एक्सेल २०१३ पासून युनिकॅर नावाचं फंक्शन आहे. स्पेलिंग यू-एन-आय-सी-एच-ए-आर. =युनिकॅर(१७८) लिहिलं की ² मिळतो, १७९ ने ³, १८५ ने ¹. शून्याला ८३०४, चार ते नऊला ८३०८ ते ८३१३, अधिकला ८३१४, उणेला ८३१५. खालच्या छोट्या दोनला ८३२२.

घात बदलता असेल तर याहून सोपी युक्ती आहे. बी२ मध्ये ० ते ९ पैकी एक घात असेल तर =मिड("⁰¹²³⁴⁵⁶⁷⁸⁹",बी२+१,१). दहा छोट्या अंकांच्या माळेतून हवा तो उचलला जातो.

याचा उपयोग मोठ्या आकड्यांत होतो. तोतलाडोहसारख्या धरणाचा साठा वर्तमानपत्रात दलघमीत येतो, म्हणजे दशलक्ष घनमीटर, १०⁶ मी³. समजा ४५ दलघमी पाणी सोडलं आणि ते ४.५ × १०⁷ मी³ असं दाखवायचं आहे. ए२ मध्ये 45000000 ठेवा. बी२ मध्ये घात काढा: =इंट(लॉग१०(ए२)), उत्तर ७. सी२ मध्ये =ए२/१०^बी२, उत्तर ४.५. डी२ मध्ये =राउंड(सी२,२)&" × 10"&मिड("⁰¹²³⁴⁵⁶⁷⁸⁹",बी२+१,१)&" मी³". पुढचा सगळा हिशोब ए२ वरच चालवा. डी२ केवळ छापण्यासाठी. ए२ शून्य असेल तर लॉग चूक देईल.

घात उणे येत असतील तर मिडच्या आधी इफ(बी२<०,"⁻","")& जोडा आणि मिडच्या आत बी२ ऐवजी एबीएस(बी२) घ्या.

न मागता येणारा घात

काही वेळा एक्सेल स्वतःहून घाताची भाषा बोलू लागतं. आधार क्रमांकासारखा बारा अंकी आकडा साध्या सेलमध्ये टाकला की ‘1.23457E+11’ असं काहीतरी दिसतं. यातला ई म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’. मूळ आकडा शाबूत असतो, फॉरमॅट नंबर करून दशांश शून्य केले की दिसतो. पण सोळा अंकी खातं किंवा कार्ड क्रमांक टाकला तर मात्र नुकसान होतं: एक्सेल पंधरा अंकच धरतं, सोळावा शून्य होतो आणि परत येत नाही. असे क्रमांक टाकण्याआधीच स्तंभ टेक्स्ट करून घ्या.

फ्लॅट क्रमांकांतही हेच होतं. तिसऱ्या इमारतीच्या ई विंगमधला दुसरा फ्लॅट म्हणून कोणी 3E2 लिहिलं की एक्सेल त्याला तीन गुणिले दहाचा वर्ग समजून ३०० करतं. सोसायटीच्या देखभाल वसुलीची यादी करताना हे आधी तपासा.

गूगल शीट्स, लिबरऑफिस आणि मोबाइल

गूगल शीट्समध्ये युनिकोडचं अक्षर चिकटवणं हाच भरवशाचा मार्ग. तिथे कॅर फंक्शनही युनिकोडचे आकडे घेतं, म्हणजे =कॅर(८३०८) ने ⁴ मिळतो. कस्टम नंबर फॉरमॅटही चालतो.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये सेलच्या आत अक्षर निवडून कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की ते वर जातं, कंट्रोल-शिफ्ट-बी ने खाली. शिवाय २०७४ लिहून ऑल्ट-एक्स दाबलं की तिथल्या तिथे ⁴ होतो.

साइटवर उभं राहून मोबाइलमधून मापं भरणाऱ्यांसाठी: गूगलच्या जीबोर्ड या कळफलकाच्या आकड्यांच्या पानावर २ ची कळ दाबून धरली की वर ² येतो, ३ वर ³. आयफोनवर ० दाबून धरलं की अंशाचं चिन्ह मिळतं.

फाइल पुढे पाठवताना

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत केलेल्या मराठी शीटमध्ये ² टाकला तर त्याच्या जागी मराठी अक्षराचा भलताच तुकडा उमटू शकतो. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून बनवलेले आहेत, आणि ² ची जागाही त्यात वापरली गेलेली असू शकते. त्यावर उपाय: सेलच्या आत जाऊन फक्त त्या एका अक्षराचा फॉन्ट एरियल करा. जमल्यास सगळी शीटच युनिकोडमध्ये आणा, पुढचे बरेच त्रास वाचतात.

एखाद्या पोर्टलवर चढवण्यासाठी फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करायची असेल तर सेव्ह ॲजच्या यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत ⁴ आणि सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसते. सुपरस्क्रिप्टची सजावट तर कुठल्याच सीएसव्हीत जात नाही. नंबर फॉरमॅटने लावलेलं एकक मात्र आकड्यासोबत मजकूर बनून सीएसव्हीत उतरतं, आणि पोर्टल तो आकडा नाकारतं. म्हणून चढवायच्या प्रतीत ते स्तंभ निवडून फॉरमॅट पुन्हा जनरल करा, एकक डोक्यावरच्या शीर्षकात ठेवा, आणि सेव्ह केल्यावर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या चार ओळी डोळ्यांखालून घाला.